घरच्या इंटरनेटला लॅपटॉप जोडताना : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

खालची उत्तरं विंडोज ११ धरून दिली आहेत. विंडोज १० मध्ये मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे होतील. मॅकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. राउटरचा पत्ता किंवा पासवर्ड टाइप करताना आकडे इंग्रजीच वापरायचे. इथे ते देवनागरीत छापले आहेत इतकंच.

फायबरची पेटी भिंतीवर बसवून माणूस गेला. आता लॅपटॉप कसा जोडायचा?

नव्या जोडणीत बहुतेक वेळा फायबरचा मॉडेम आणि वायफाय राउटर एकाच पेटीत असतात. पेटीच्या तळाशी किंवा पाठीमागे स्टिकर असतो, त्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. भिंतीवर पेटी ठोकल्यावर तो वाचता येत नाही, म्हणून आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ए एकत्र दाबा. वायफायच्या चिन्हाशेजारचा बाण दाबला की आसपासची नावं दिसतात. आपलं नाव निवडा, 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'वर खूण ठेवा, पासवर्ड टाका. मॅकवर वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर हेच सगळं मिळतं.

यादीच रिकामी असेल तर विमानाचं चिन्ह, म्हणजे एअरप्लेन मोड, चालू राहिला आहे का पाहा. जुन्या लॅपटॉपांत वायफाय बंद-चालू करायला कडेला सरकतं बटण असायचं, ते बॅगेत घासून नकळत बंद होतं.

पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी लॅपटॉप घेत नाही. मोबाइल मात्र लगेच जोडला जातो.

आधी टास्कबारच्या उजव्या टोकाला पाहा. तिथे 'मराठी' दिसत असेल तर पासवर्डाच्या चौकटीत देवनागरी अक्षरं उमटताहेत आणि वर ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजी करा, चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून ठेवा आणि काय टाइप झालंय ते वाचा. मराठीत लिहिणाऱ्या घरांत हे फार वेळा होतं आणि दोष बिचाऱ्या राउटरवर जातो.

दुसरं कारण स्टिकरवरची अक्षरं: इंग्रजी ओ आणि शून्य, लहान एल आणि एक, मोठा आय. पासवर्डात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो आणि तो किमान ८ अक्षरांचा असतो.

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच लक्षात ठेवून बसतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स इथे जाऊन त्या नावापुढे 'फर्गेट' करा आणि नव्याने जोडा.

एवढं करूनही जुना लॅपटॉप अडत असेल तर राउटरवर सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए३' वर ठेवलेली असण्याची शक्यता आहे. जुन्या वायफाय कार्डांना ती कळत नाही. राउटरच्या पानावर (ते कसं उघडायचं हे पुढच्या उत्तरात आहे) 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा. त्याहून मागे जाऊन 'डब्ल्यूईपी' किंवा 'ओपन' कधीही करू नका.

वायफाय जोडलेलं दिसतं, पण 'नो इंटरनेट' लिहून येतं. दोष कोणाचा?

केबलवाल्याला फोन लावण्याआधी पाच मिनिटं द्या. इंटरनेटची वाट तीन तुकड्यांत असते: लॅपटॉप ते राउटर, राउटर ते फायबरची पेटी (दोन्ही एकाच पेटीत असतील तर हा तुकडा नाही), आणि पेटीपासून कंपनीपर्यंत. कुठला तुकडा तुटला हे कळलं की उपाय आपोआप ठरतो.

पहिली चाचणी दुसऱ्या उपकरणाची. मोबाइलचा डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर काही उघडतं का पाहा. डेटा चालू ठेवून केलेली चाचणी निरुपयोगी, कारण मोबाइल गुपचूप सिमवरून नेट घेतो.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉप नाही, असं असेल तर सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी वायफाय बंद करून चालू करा. पत्ता भलताच काही असेल तर त्याच पानावर 'आयपी असाइनमेंट' पाहा. ऑफिसात कुणी 'मॅन्युअल' करून हाताने पत्ता भरून ठेवलेला असतो. तो 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' (म्हणजे पत्ता राउटरनेच वाटायचा) करा, वायफाय बंद करून चालू करा.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पहिला तुकडा ठीक आहे. आता ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या पेटीत १९२.१६८.२९.१. तुमचा नक्की कोणता हे मॅन्युअल शोधत बसण्यापेक्षा प्रॉपर्टीजमध्ये 'डिफॉल्ट गेटवे' किंवा 'आयपीव्ही४ डीएनएस सर्व्हर्स' पुढे वाचा, बहुधा तोच असतो. पान उघडलं की 'वॅन' किंवा 'इंटरनेट' स्थितीत पाहा. तिथे ०.०.०.० दिसत असेल तर गडबड तुमच्या लॅपटॉपच्या बाहेर आहे, आता खुशाल फोन करा. त्याआधी बिलाची तारीख तपासा. मुदत संपली की काही कंपन्या वायफाय चालू ठेवून फक्त पुढची वाट बंद करतात, आणि लक्षण अगदी हेच दिसतं.

राउटर बंद करून चालू करा असं सगळेच सांगतात. त्याची काही रीत आहे का?

आहे. दोन पेट्या असतील तर दोन्हींची वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी फायबरची पेटी लावा. तिचे दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. मग राउटर, आणि शेवटी लॅपटॉपचं वायफाय.

टाचणीने दाबायचं छोटं 'रीसेट' भोक मात्र सोडून द्या. ते दहा सेकंद दाबलं की कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद.

पेटीवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लुकलुकतोय.

म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नाही किंवा फार क्षीण येतो. लॅपटॉपवर काहीही केलं तरी उपयोग नाही.

घरात तपासण्यासारखं थोडंच आहे. पेटीत खोचलेला हिरवा किंवा निळा कनेक्टर टक्क आवाज होईपर्यंत आत गेलाय का पाहा. केरवारा करताना, सोफा सरकवताना तो अर्धवट निघतो. पिवळी किंवा पांढरी पातळ वायर कपाटामागे दबली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का ते बघा. फायबरला तीव्र वळण चालत नाही. साधारण ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वेटोळं करू नका. कनेक्टर काढलाच तर त्याच्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नका, तेलकट बोटाचा डाग प्रकाश अडवायला पुरतो. टोकात डोकावून तर अजिबात पाहू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

घरात सगळं जागेवर असेल तर दोष बाहेरचा. नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची कामं आणि एरवीचीही खोदाई चालू असली की जमिनीखालची केबल तुटते. खांबावरून गेलेली असेल तर पावसाळ्यात झाडाची फांदी पुरते. गल्लीतल्या आणखी दोघांचं नेट गेलंय का विचारा. एकट्याचंच गेलं असेल तर खांबापासून घरापर्यंतची वायर, सगळ्यांचं गेलं असेल तर पुढची मुख्य केबल. तक्रार नोंदवताना हे सांगितलं की योग्य माणूस योग्य सामान घेऊन येतो.

दिवा हिरवा आहे पण नेट अधूनमधून तुटतं, अशा वेळी राउटरच्या पानावर 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' माहितीत 'आरएक्स पॉवर', म्हणजे पेटीत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, वाचा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर चांगलं. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८-२९ वर, गेलं की जोडणी कधीही पडू शकते. सहसा कुठला तरी जोड सैल आहे किंवा कनेक्टर मळलेला आहे. हा आकडा तंत्रज्ञाला सांगा.

मोबाइलवर '५जी' लिहिलेलं वायफाय दिसतं, लॅपटॉपवर दिसत नाही.

ते मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. स्वस्त किंवा जुन्या लॅपटॉपांतलं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्सखाली कार्डाचं नाव पाहा. त्यात 'एसी', 'एएक्स' किंवा 'ड्युअल बँड' असेल तर ५ गिगाहर्ट्झ चालतं. नुसतं 'एन' असेल तर बहुधा नाही. यूएसबीत लावायचा छोटा ड्युअल बँड अ‍ॅडॉप्टर हा सर्वांत सोपा उपाय. कॅनडा कॉर्नर किंवा एम. जी. रोडच्या दुकानांत मागताना 'एसी ड्युअल बँड' असं स्पष्ट सांगा, नाहीतर २.४ वालाच हातात येतो.

कार्ड चांगलं आहे आणि राउटर चालू केल्यावर पहिलं मिनिटभरच नाव दिसत नसेल तर घाबरू नका. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलांवर राउटरला आधी रडार नाही ना याची खात्री करावी लागते, आणि त्यात निदान एक मिनिट जातं. रोज थांबायचं नसेल तर राउटरमध्ये चॅनल ३६ ते ४८ पैकी निवडा.

प्लॅन २०० एमबीपीएसचा घेतला, लॅपटॉपवर ४० च्या वर जात नाही. फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी एकक बघा. कंपनी मेगाबिट सांगते, डाउनलोडच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात. ८ ने भागायचं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. कुणी '२०० घेतलं आणि २४ च येतंय' म्हणत असेल तर ते जवळजवळ पूर्ण मिळतंय.

एकक बरोबर असूनही वेग कमी असेल तर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेटवर्क बँड' आणि 'लिंक स्पीड' (लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला कागदावरचा वेग) वाचा. २.४ गिगाहर्ट्झवर एका अँटेनाच्या कार्डाला नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत लिंक स्पीडच जास्तीत जास्त ७२ मिळते, दोन अँटेनांना १४४. प्रत्यक्ष वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा ४० हा आकडा त्या पट्ट्याचाच आहे. ५ गिगाहर्ट्झवर, 'एसी' कार्डाला ८० मेगाहर्ट्झ रुंदीत एका अँटेनाला ४३३ आणि दोन अँटेनांना ८६७ लिंक मिळते. २०० चा प्लॅन तिथे आरामात भरतो.

अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि लॅपटॉप दूर असताना २.४ धरतो तो जवळ आला तरी सोडत नाही. दोघांना वेगळी नावं द्या. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' ५ गिगाहर्ट्झ करा. सगळ्या कार्डांत हा पर्याय नसतो.

आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३ चा हब किंवा बाहेरची हार्डडिस्क लॅपटॉपला लागलेली असेल तर तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. डिस्क काढल्यावर वेग वाढला तर तेच. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा डिस्क लांब वायरीने दूर ठेवा.

कंपनीशी भांडायचंच असेल तर लॅन केबल (राउटर ते लॅपटॉप थेट तार) लावून, बाकी सगळी उपकरणं बंद ठेवून मोजा. वायफायवरचा आकडा ते मान्य करणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चूकही नाही.

आतल्या खोलीत, वरच्या मजल्यावर रेंज येत नाही.

घर कसलं आहे यावर उत्तर ठरतं. जुन्या नाशकातल्या वाड्यात दगड-विटांच्या जाड भिंती आडव्या दिशेने सिग्नल खातात, पण लाकडी तक्तपोशीतून तो वर बऱ्यापैकी जातो. तिथे राउटर ज्या खोलीत काम करायचं तिच्या थेट खाली ठेवला तर फायदा होतो. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या बंगल्यात नेमकं उलट. विटांची एक भिंत चालते, लोखंडी सळ्यांचा स्लॅब नडतो. सिडकोतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत अंतर थोडं असतं, पण शेजाऱ्यांचेच राउटर इतके की २.४ च्या पट्ट्यात गर्दी होते. तिथे रेंजच्या चार रेघा असूनही नेट अडखळतं.

गर्दीसाठी: २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, कारण एकमेकांवर न चढणारे हे तीनच. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मोबाइलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये कुठलं मोकळं आहे ते दिसतं. चॅनल १२-१३ मोकळे दिसतात म्हणून मोहात पडू नका, काही लॅपटॉपांना ते दिसतच नाहीत.

जागेसाठी: राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, पाण्याच्या टाकीजवळ किंवा मायक्रोवेव्हशेजारी नको. घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. फायबरवाल्याला दाराजवळच पेटी बसवायची घाई असते. आत घ्यायची असेल तर तो आला त्याच दिवशी सांगा.

तरीही पोचत नसेल तर तीन मार्ग. सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर स्वस्त, पण एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. तोही लोक चुकीच्या जागी लावतात: जिथे रेंज नाही तिथे. तो लावायचा राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये, जिथे अजून चांगली रेंज आहे. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या दोन-तीन पेट्या, चांगलं, महाग. आमची पसंती तिसऱ्याला: वर एक लॅन केबल ओढा आणि घरात पडून असलेला जुना राउटर तिथे लावा. त्याचा लॅन पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), त्यातलं डीएचसीपी बंद करा, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये नव्हे, लॅनच्या खाचेत लावा. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि घरातलं अर्धं नेट बंद पडतं.

लॅन केबल कुठली घ्यावी?

घरासाठी कॅट ६, पूर्ण तांब्याची. 'सीसीए' लिहिलेली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, घेऊ नका. ती वाकवताना तुटते. तांब्याची कॅट ६ १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे लांबीची चिंता नाही. विजेच्या वायरींच्याच पाइपातून ओढू नका.

कनेक्टर तिथेच दाबून घेणार असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल लावल्यावर लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसली तर आठांपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, कारण १०० ला चारच तारा लागतात आणि १००० ला आठही. राउटरची खाच मुळात १०० चीच असली तरी हेच दिसतं, तेवढं तपासा. नव्या पातळ लॅपटॉपांत ही खाच नसते. यूएसबी ते गिगाबिट लॅन अ‍ॅडॉप्टर लागतो, तो यूएसबी ३ चा घ्या.

कंपनीच्या पेटीऐवजी स्वतःचा राउटर चालेल?

चालतो, पण गल्लीतल्या केबलवाल्याची जोडणी बहुधा पीपीपीओईची, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून चालणारी, असते. तिचं युजरनेम आणि पासवर्ड आधी मागून घ्या. काही जण जुन्या राउटरच्या मॅक पत्त्यालाच (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) परवानगी देतात. मग नव्या राउटरमध्ये 'मॅक क्लोन' करा किंवा त्यांना नवा पत्ता कळवा.

लॅपटॉप उघडला की प्रत्येक वेळी वायफाय तुटलेलं असतं.

डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स, आपलं वायफाय कार्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण काढा. टॅबच नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर घ्या.

वायफायचं चिन्हच गायब झालंय. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटच नाही.

अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने लॅपटॉपला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज त्याला लॅनसारखं ओळखतं, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, पर्याय करडा दिसतो. नव्याने विंडोज टाकताना अडकलात तरी हाच मार्ग.

त्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, मग चालू करा. अडकलेलं कार्ड यानेही बऱ्याचदा जागं होतं.

काही साइट उघडतात, बँकेची मात्र 'सुरक्षित नाही' म्हणते.

लॅपटॉपची तारीख बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी (बऱ्याच जुन्या मॉडेलांत सीआर२०३२) संपली की तारीख मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. तारीख बरोबर असेल तर ऑफिसचं व्हीपीएन चालू राहिलंय का पाहा. साइटचं नाव सापडत नाही असा संदेश असेल तर डीएनएस (नावावरून साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा.

लाइट गेली की मीटिंग तुटते.

राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर असतात. काही ९ व्होल्टचे, त्यांना १२ दिले तर जळतात. त्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा मिनी यूपीएस घ्या. ३० वॅट-तासांची बॅटरी ८ वॅट खाणाऱ्या पेटीला साधारण तीन तास पुरते. पेट्या दोन असतील तर दोन्ही यूपीएसवर हव्यात. जोडणी फायबरची नसून इमारतीच्या जिन्यातल्या स्विचवरून लॅन केबलने आली असेल तर तो स्विच लाइटसोबतच बंद पडतो. तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. खांबावरच्या फायबरच्या डब्यातल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा भाग) मात्र वीज लागत नाही.

मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अशी बाहेरून आलेली लॅन केबल राउटरमधून काढून ठेवा. तांब्याच्या तारेतून झटका आत येतो, खाच जळते, कधी लॅपटॉपचीही.

प्रिंटर मोबाइलला दिसतो, लॅपटॉपला नाही.

लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर असेल. तिथली उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. मुख्य नावावर या, आणि नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक'ऐवजी 'प्रायव्हेट' करा. गेस्ट वायफाय पाहुण्यांना आणि शेजारच्यांना द्यायलाच ठेवा, मुख्य पासवर्ड वाटत सुटण्यापेक्षा ते बरं. राउटरच्या पानाचा 'अ‍ॅडमिन' पासवर्डही तसाच राहिला असेल तर आजच बदला. तो वायफायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो.

ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत आहे. काय तयारी ठेवू?

शक्य तर लॅन केबल. मोबाइल हॉटस्पॉट आदल्या दिवशीच एकदा जोडून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही. सिम घरच्या नेटच्या कंपनीपेक्षा दुसऱ्या कंपनीचं असावं. विंडोज अपडेट 'पॉज' करा आणि हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा.

तक्रार करून दोन दिवस झाले, कुणी येत नाही.

तोंडी तक्रार धरू नका. कस्टमर केअरवर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. ठरलेल्या मुदतीत निकाल नाही लागला किंवा पटला नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे त्या क्रमांकासह अपील करता येतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ही सोय आहे आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. सोबत दिव्यांचा फोटो, लॅन केबलवर मोजलेला वेग आणि आरएक्स पॉवरचा आकडा जोडा.